‘ओळखलंत का मला?’ हा प्रश्न आधी बंद करा

ताई,
आठ महिन्यांपूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात अजून उचलत नाही. पाय बरा आहे, काठी घेऊन घरात फिरतात. पण बोलणं गेलं. म्हणजे आवाज आहे, शब्द नाहीत. चहा हवा असला तर ‘दूध’ म्हणतात, माझ्या नवऱ्याला दिराच्या नावाने हाक मारतात, हवं असलं तरी ‘नको’ म्हणतात. संध्याकाळची आरती मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात, एक अक्षर चुकत नाही. त्यामुळे नणंद म्हणते, आईला सगळं येतंय, हट्ट करतेय. शेजारी म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय. जन्मात कधी शिवी न दिलेल्या बाईंनी परवा फिजिओथेरपीच्या मुलाला शिवी हासडली. सातवी शिकलेल्या आहेत म्हणून पाटी आणून दिली, ती बाजूला सारतात. ह्यांनी मोबाइलवर चित्रांचं ॲप घेतलं, त्याला हात लावत नाहीत. एका डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिन्यांत यायचं ते आलं, आता काही होणार नाही.
गेल्या आठवड्यात सकाळपासून ‘दूध, दूध’ चाललं होतं. मी तीनदा दूध दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी पेला ढकलला आणि रडायला लागल्या. मीही रडले. संध्याकाळी गवळी रतिबाचे पैसे मागायला आला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग मला कळलं.
अजून एक. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यांच्या तोंडाचा मला फार त्रास झालाय. आता घर शांत आहे. कधी कधी बरं वाटतं, आणि मग स्वतःचीच लाज वाटते.
— एक सून, कराड

ताई,

शेवटच्या तीन ओळी छापू की नको, असा विचार केला आणि छापल्या. तुमचं नाव कुठे नाही. पण अशा घरातली दुसरी एखादी सून त्या वाचेल आणि तिला वाटेल की आपण एकट्याच वाईट नाही. त्या ओळींकडे शेवटी येते. आधी आईंकडे वळू.

त्यांना झालंय त्याला वाचाघात म्हणतात. फाइलमध्ये कुठेतरी ‘अफेजिया’ असं लिहिलेलं असेल, बघा. बहुतेक माणसांच्या मेंदूची डावी बाजू भाषेचं काम बघते आणि शरीराची उजवी बाजूही तीच हलवते. म्हणून उजवा हात आणि बोलणं अशी जोडीनं जातात. झटका आलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाच्या वाट्याला हे येतं, तरी घरोघरी त्याचं नाव माहीत नसतं. मग ‘हट्ट’ किंवा ‘डोकं फिरलं’ यातलं एक ठरवून टाकतात. दोन्ही खोटं आहे. समजा, तुमच्या स्वयंपाकघरातले डबे रात्रीतून कुणीतरी इकडचे तिकडे केले. सामान तेवढंच आहे. पण जिऱ्याच्या जागी हात घातला की मोहरी येते, आणि घाईत असलं की तीच फोडणीत पडते. आईंचं तसं झालंय. चहा म्हणायला जातात आणि शेजारचा डबा हाती लागतो, ‘दूध’. मोठ्या मुलाच्या ऐवजी धाकट्याचं नाव येतं. चुकलं हे पुष्कळदा त्यांना त्याच क्षणी कळतं, पण सुधारायला जावं तर परत तोच डबा हाती येतो. पेला त्या तुमच्यावर रागावून ढकलत नाहीत.

काहींना स्वतःची चूक कळत नाही, ते भराभर बोलत राहतात आणि समोरच्याला अर्थ लागत नाही. काहींना समोरच्याचं बोलणंच नीट उमगत नाही. आईंना कितपत उमगतंय हे तपासून घ्यावं लागेल, त्याचं पुढे सांगते.

आता आरती. नणंदबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. आरती म्हणताना आपण शब्द शोधत नाही. पन्नास-साठ वर्षं रोज म्हटलेली गोष्ट आहे, पहिली ओळ सुरू झाली की गाडी उताराला लागल्यासारखी आपोआप पुढे जाते. चालीवर म्हणायचं असलं की मेंदूची उजवी बाजूही मदतीला येते, आणि आईंची ती बाजू शाबूत आहे. पाढे, वारांची नावं, ‘अगं बाई’, ‘देवा रे’ यांचंही तेच. शिवीसुद्धा त्याच वाटेनं बाहेर पडते, म्हणून त्या पोराला ती बसली. पाणी मागणं मात्र वेगळं. तिथे शब्द निवडून वाक्य जुळवून सांगावं लागतं, आणि नेमका तोच कारखाना बंद पडलाय.

ही काही आजची गोष्ट नाही. 1861 साली पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात पॉल ब्रोका या सर्जननं एक रुग्ण तपासला. लबोर्न त्याचं आडनाव. एकवीस वर्षं तो तिथे होता आणि काहीही विचारलं तरी ‘टां’ एवढंच म्हणायचा. सगळे त्याला टां म्हणूनच ओळखत. त्याची उजवी बाजू लुळी होती. पण किती वर्षं इथे आहेस असं विचारलं की तो डाव्या हाताची बोटं उघडझाप करून बरोबर आकडा सांगायचा. आणि लोकांना आपलं म्हणणं कळेना की भडकून अस्खलित शिवी द्यायचा! त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकांनी मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या कपाळाकडचा भाग खराब झालेला सापडला. वाचाघाताचा अभ्यास खऱ्या अर्थानं तिथून पुढे सरकला. तुमच्या आईंची शिवी अशी दीडशेहून अधिक वर्षांच्या परंपरेतली आहे, त्या पोराला सांगा मनाला लावून घेऊ नकोस.

मी तेवीस वर्षं वाचाउपचाराचं काम करतेय. घरी बघायला गेले की बहुतेक ठिकाणी एकच देखावा असतो. पेशंट खाटेवर किंवा खुर्चीत, आणि येणारा प्रत्येक जण परीक्षक. भिशीतल्या बायका येतात, ‘ओळखलंत का मला? सांगा बरं मी कोण?’ अमेरिकेतला भाचा व्हिडिओ कॉलवर, ‘मामी, म्हणा, मा-मी.’ नातवंडाला पुढे करतात, ‘आजी, याचं नाव काय?’ नाव त्यांना माहीत असतं. ते तोंडातून काढा असं चारचौघांत सांगणं म्हणजे लंगड्या माणसाला पळून दाखव म्हणण्यासारखं आहे. दिवसातून दहा वेळा नापास झाल्यावर माणूस गप्प बसायला लागतो, आणि मग घरचे म्हणतात, ‘हल्ली काही बोलायचा प्रयत्नच करत नाहीत.’

तेव्हा पहिलं काम हे करा. दाराशीच सांगायचं, नाव विचारायचं नाही. आपलं नाव आपण सांगायचं. ‘काकू, मी शोभा, भिशीतली. मुलीचं लग्न ठरलं, ते सांगायला आले.’ एवढं म्हटलं की आईंच्या चेहऱ्यावर काय येतं ते बघा. तेच त्यांचं बोलणं.

तुमच्या त्या दुधाकडे येऊ, कारण सगळी युक्ती तिथेच दिसते. तुम्ही शब्द ऐकला आणि शब्द दिला. दूध म्हटलं, दूध आणलं. पहिला पेला परत आला तेव्हाच ठरवायचं होतं की शब्द चुकीचा आहे, पण गोष्ट खरी आहे. मग टीव्ही बंद करून त्यांच्या समोर, डोळ्यांच्या उंचीवर बसायचं. हातात जाड स्केचपेन आणि कोरे कागद. म्हणायचं, ‘आई, दूध नकोय. दुसरं काहीतरी सांगायचंय. बघू या.’ कागदावर मोठ्या अक्षरांत तीन शब्द एकाखाली एक, माणूस, वस्तू, काम. प्रत्येकावर बोट ठेवून वाचायचं आणि थांबायचं. त्यांचं बोट ‘माणूस’वर गेलं. दुसरा कागद: घरातला, बाहेरचा. ‘बाहेरचा’. आता तुमच्या डोक्यात आपोआप येईल, बाहेरचा माणूस आणि दूध. ‘गवळी?’ इथे त्यांचे डोळेच सांगतील. तिसरा कागद: उद्या नको, जास्त पाहिजे, पैसे. ‘पैसे’. मग सगळं जोडून परत म्हणायचं, ‘गवळ्याचे पैसे द्यायचे राहिलेत.’ आणि खात्रीसाठी एकदा उलटं, ‘की दिलेत?’ दोन्हींना मान डोलली तर अजून पोहोचलो नाही, असं समजायचं.

पाच-सात मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला पंधरा लागतील. पण लक्षात घ्या, आठ महिने हात लुळा पडलेल्या बाईला पहिली तारीख उलटल्याचं आणि गवळ्याचे पैसे थकल्याचं भान होतं. डोक्यावर परिणाम झाला म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना स्वतःच्या घरच्या रतिबाचे पैसे कधी द्यायचे ते तरी आठवतं का, विचारा.

‘नको’चा घोळ वेगळा आहे. हो आणि नाही हे शब्द वाचाघातात फार अदलाबदल होतात, म्हणून नुसत्या शब्दावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे मानही अशी तिरकी डोलते की हो का नाही ते धडधाकट माणसाचं कळत नाही. दोन पुठ्ठे करा. एकावर हिरवी बरोबरची खूण, एकावर लाल फुली. किंवा अंगठा वर, अंगठा खाली. एकच खूण ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तीच वापरा. आणि जिथे जमेल तिथे हो-नाहीचा प्रश्नच टाळा. एका हातात चहाचा कप, एका हातात ताकाचा पेला, समोर धरा. कानाला ऐकू आलेला शेवटचा शब्द पुष्कळदा तोंडून परत येतो. ‘चहा की ताक?’ विचारलं की ‘ताक’. त्यामुळे तोंडाकडे बघू नका, नजर आणि हात कुठे वळतो ते बघा.

आपण त्यांच्याशी कसं बोलतो, यातही पुष्कळ दुरुस्ती लागते. मोठ्यानं बोलू नका, कान चांगले आहेत. लहान मुलाशी बोलल्यासारखं ‘आमच्या आईला भूक लागली का गं’ तर मुळीच नको. त्या तुमच्या सासूबाई आहेत. वाक्यं तोडून बोला. ‘जेवल्याशिवाय गोळी घेऊ नका’ हे वाक्य वरवर साधं वाटतं, पण त्यात दोन नकार गुंतलेत, आणि तुटक समजणाऱ्याच्या कानात ‘जेव, गोळी, घे’ एवढंच पडतं. म्हणा, ‘आधी जेवण.’ ताटाकडे बोट. ‘मग गोळी.’ गोळीकडे बोट. मराठीत कुणी कुणाला काय केलं हे ‘ने’ आणि ‘ला’ एवढ्याशा अक्षरांवर ठरतं, आणि नेमकी तीच अक्षरं आधी निसटतात. ‘बाळूला राजूने पैसे दिले’ यात पैसे कुणाचे गेले? सरळ सांगा, ‘राजूने दिले. बाळूला.’ विषय बदलताना आधी विषयाचं नाव घ्या. ‘आई, दवाखाना.’ थांबा. ‘उद्या. दहा वाजता.’ आपल्या भाषेची सोय अशी की क्रियापद गाळलं तरी अर्थ राहतो.

थांबणं हे यातलं सर्वांत अवघड काम. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. आपण तिसऱ्या आकड्यालाच त्यांच्या तोंडात शब्द कोंबतो. शब्द अगदी ओठावर आलाय असं दिसलं तर विचारा, ‘मी सांगू?’ मान हलली तर पहिलं अक्षर द्या, ‘च...’ किंवा वाक्य अर्धवट सोडा, ‘दुपारी चार वाजता आपण पितो...’ कधी कधी गाडी सुटते. आकडा किंवा वार सांगायचा असेल तर आरतीचीच युक्ती उलटी वापरता येते. एकपासून मोजायला लागा बरोबरीनं, हव्या आकड्याला त्या थांबतील. ‘सोमवार, मंगळवार...’ म्हणत गुरुवारी थांबल्या की कळलं, गुरुवार.

आणि कळलं नाही तर कळल्याचं नाटक करू नका. ‘हो हो, बरं बरं’ हे त्यांना लगेच ओळखू येतं. ‘मला कळत नाहीये, तुमची चूक नाही. पाचला परत बसू’ असं सांगा. आणि पाचला खरंच बसा.

पाटी का सारतात ते सांगते. लिहिणं हीसुद्धा भाषाच आहे. बोलताना जो शब्द सापडत नाही, तो लिहिताना बहुधा सापडत नाही, वर डाव्या हातानं गिरवायचं. अक्षरांचे तक्तेही त्याच कारणानं निरुपयोगी ठरतात. समोर लिहिलेला ओळखीचा शब्द वाचून त्यावर बोट ठेवणं मात्र पुष्कळांना जमतं. म्हणून लिहिण्याचं काम तुमचं, निवडण्याचं त्यांचं.

ॲपचा विषय थोडक्यात. मी पाहिलेल्या बऱ्याच ॲपमध्ये जेवणाचं चित्र म्हणजे काटा-चमचा आणि प्लेट, आजीच्या जागी सोनेरी केसांच्या बाई, आवाज इंग्रजी. आईंनी त्याला हात का लावावा? त्यापेक्षा तुमच्याच मोबाइलनं घरातले फोटो काढा. त्यांचाच पितळी तांब्या, त्यांचा चष्मा, औषधाचा डबा, गोधडी, मोरी, गवळी (त्याला विचारून), भिशीतल्या मैत्रिणी, माहेरचं घर. छापून, खाली मोठ्या अक्षरात नाव लिहून एका जाड वहीत चिकटवा. वही त्यांच्या डाव्या हाताला राहील अशी ठेवा. आणि तुम्हीही बोलताना तीच वही वापरा. फक्त पेशंटनं वापरायची वस्तू असली की ती चार दिवसांत कपाटावर जाते.

सहा महिन्यांत यायचं ते आलं, हे मला पटत नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत सुधारणा झपाट्यानं होते, हे खरं. नंतर वेग कमी होतो, पण थांबत नाही. वर्षानंतर, दोन वर्षांनंतर नवे शब्द आलेली माणसं मी पाहिली आहेत. स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना 1990 मध्ये झटका आला, उजवी बाजू आणि बोलणं गेलं. ते डाव्या हातानं पियानो वाजवत राहिले, त्यानंतरही त्यांचे कवितासंग्रह निघाले आणि 2011 मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. आईंना नोबेल मिळेल असं मी म्हणत नाही. पण वाचाउपचार सुरू करा. पुण्यात भारती विद्यापीठाचं वाचा-श्रवण महाविद्यालय आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, नायर रुग्णालयातही विभाग आहे. एकदा प्रत्यक्ष तपासणी करून घ्या, त्यातच समज किती आणि बोलणं किती हे वेगवेगळं कळेल. पुढची काही सत्रं व्हिडिओवर जमतात का ते तिथेच विचारा, दर आठवड्याला कराडहून जाणं कुणाला परवडणार? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातानं आलेलं कायमचं वाचा-भाषा दिव्यांगत्वही धरलं आहे. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा.

आईंच्या नावावर बँकेत खातं किंवा पेन्शन असेल तर सही जुळत नाही म्हणून अडवतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. तिथे एक सांभाळा. खिडकीवरचा माणूस तुम्हालाच विचारेल, ‘यांना काय पाहिजे?’ तुम्ही आईंकडे वळा, कागद पुढे करा, त्यांना बोट ठेवू द्या. आणि घरात जमिनीच्या, वाटणीच्या कागदांवर अंगठा घ्यायचा कुणाच्या मनात आलं, तर ‘त्यांना काय कळतंय’ हे वाक्य ऐकून घेऊ नका. गवळ्याचे पैसे कळतात त्या बाईला शेतही कळतं. तीन कागद आणि स्केचपेन तिथेही लागू आहे.

झोप उडाली, जेवण तुटलं, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडू लागल्या, तर ‘वयानं होतं’ म्हणू नका. झटक्यानंतर उदासीनता पुष्कळांना येते आणि तिच्यावर औषध आहे. आणि तोंड अचानक वाकडं झालं, हातपाय आणखी गळाला, होतं तेवढंही बोलणं गेलं, तर वाट न बघता 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते द्यायचं की नाही हे सीटी स्कॅन बघून डॉक्टर ठरवतात.

आता तुमच्या त्या तीन ओळी.

सोळा वर्षं टोमणे ऐकलेल्या कानांना शांतता बरी वाटली, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? ते कान तुमचेच आहेत. पण ती शांतता आईंनी दिलेली नाही, त्यांच्याकडून हिसकावली गेलीय, हे तुम्हालाही कळतंय. म्हणूनच लाज वाटते. मी तुम्हाला ‘झालं गेलं विसरा’ असं सांगणार नाही. एक काम सांगते, जरा विचित्र वाटेल.

अशा वह्या मी पुष्कळ पाहिल्या. सगळ्यांत तेच असतं. पाणी, चहा, संडास, औषध, दुखतंय. जणू माणसाला आयुष्यात एवढंच म्हणायचं असतं. मत नाही, तक्रार नाही, चहाडी नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं घर जिभेवर चालवलं तिला तुम्ही ‘पाणी’ आणि ‘संडास’ दिलंत, तर ती वही भिरकावेल, आणि बरोबर करेल. तेव्हा वहीत आणखी एक पान करा. ‘मीठ कमी.’ ‘तिखट झालंय.’ ‘पोळ्या जाड.’ ‘कशाला एवढा खर्च?’ ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ ‘तुझं चुकतंय.’ ‘माहेरी फोन पुरे आता.’ तुम्हाला सगळी पाठ असतील, आठवायलाही नकोत. आणि त्याच पानाच्या दुसऱ्या बाजूला तुमच्यासाठी: ‘आई, मला त्याचं वाईट वाटलं.’ ‘आज माझं डोकं दुखतंय.’ ‘नंतर बोलू.’ सोळा वर्षांत तुम्हाला ही वाक्यं म्हणता आली नसतील. आता दोघींनाही बोटानंच बोलायचंय, पारडं जरा सारखं झालंय.

पहिल्या दिवशी भाजीत मीठ मुद्दाम कमी घाला आणि वही ताटाशेजारी ठेवा. काय झालं ते मला कळवा.